जर्दाळूची झोप

सूनबाई थोरल्या बहिणीकडे गेली त्या सकाळी तिने सासऱ्यांना औषधांच्या वेळा सांगितल्या नाहीत, नवऱ्याच्या जेवणाचा विषय काढला नाही. ती त्यांना मागच्या गॅलरीत घेऊन गेली आणि उत्तरेच्या कोपऱ्यात भिंतीला लागून ठेवलेल्या जर्दाळूसमोर उभी राहिली. दोन वर्षांचे कलम, मातीच्या कुंडीतले, छातीला लागेल एवढे. पाने पिवळी पडून गळू लागली होती.

“हे इथंच राहील,” ती म्हणाली. “कुंडीला पोत्याचे दोन वेढे द्यायचे, मुळं गोठू नयेत म्हणून. पाणी पंधरा दिवसांतून एकदा, तांब्याभर. तेही माती बोटभर खोल कोरडी लागली तर. थंडी वाढली की तुम्हाला ते आत आणावंसं वाटेल, बाबा. आणू नका.”

त्यांनी मान डोलावली. का आणायचे नाही, हे विचारले नाही. जे विचारायचे होते ते मात्र ओठांवर आलेच: परत कधी येशील?

तिने झाडाकडे पाहिले. “याला पालवी फुटेल तेव्हा बघू,” ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघून गेली.

गल्लीत सगळे त्यांना बाइंडरकाका म्हणत. घराची पुढची खोली हेच त्यांचे दुकान. दक्षिणेच्या खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर दाभण, मेणाचा दोरा, कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी. कोपऱ्यात पुस्तके दाबायचा शिकंजा आणि शेगडीवर दिवसभर मंद आचेवर पुठ्ठे चिकटवायच्या सरसाचे भांडे. नवी पुस्तके बांधून घ्यायला आता फारसे कोणी येत नसे, पण जुन्यांची डागडुजी करावी ती काकांनीच. निसटलेली पाने, वाळवीने कुरतडलेली पाठ, पाण्याने फुगलेला पुठ्ठा, सारे काही त्यांच्या हाताखालून असे निघे की कधीकाळी इथे काही बिघडले होते हे मालकालाही आठवू नये. जोड दिसला तर तो जोड कसला, असे ते म्हणत. त्यात फुशारकी नसे; ती त्यांची एकमेव श्रद्धा होती.

त्याच श्रद्धेने त्यांनी गेल्या उन्हाळ्यात घात केला होता. सातव्या महिन्यात सूनबाईचे मूल पोटातच गेले. ती नऊ दिवस इस्पितळात होती, आणि त्या नऊ दिवसांत काकांनी आपल्या मुलाला, तिच्या नवऱ्याला, हाताशी धरून आतली लहान खोली रिकामी केली. पाळणा खिळे उपसून सुटा केला आणि कुणाला तरी देऊन टाकला. दुपटी, टोपडी, खिडकीचे नवे पडदे, सगळे गेले. भिंतींना पूर्वीचाच फिका राखी रंग दिला, आणि रंगाचा वास राहू नये म्हणून चार दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या. पोरीच्या डोळ्यांना काही टोचू नये, एवढेच मनात होते. ती घरी आली, त्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली आणि तिने शांतपणे विचारले, “इथं काय होतं, बाबा?”

“काही नाही, पोरी,” ते म्हणाले होते.

त्यानंतर ती घरात राहिली खरी, पण पाहुणी राहावी तशी. कचेरीत नकाशे काढायच्या कामावर जाई, परत येई, विचारल्याचे उत्तर देई. मुलगा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नोकरीला; आधीच अबोल, तो आता नळ बंद करावा तसा बंद झाला. त्या घरात तिने पुढे स्वतःहून आणलेली पहिली वस्तू म्हणजे हा जर्दाळू. आणि जाताना तिने तो नवऱ्याच्या नव्हे, सासऱ्यांच्या स्वाधीन केला. हे काय होते, याचा काकांनी पुष्कळ विचार केला. विश्वास म्हणावा तर तो एवढ्या थोड्या शब्दांत कोणी देत नाही. परीक्षा म्हणावी तर सूनबाई तेवढी क्रूर नव्हती.

पहिला दीड महिना त्यांनी अक्षर न् अक्षर पाळले. पोत्याचे दोन वेढे दिले, तिसरा देण्याचा मोह आवरला. पाने झडून गेली. उरल्या तपकिरी काड्या, आणि त्यांच्या पेरापेराला राईच्या दाण्याएवढ्या मिटलेल्या कळ्या. दर रविवारी दुपारी चार वाजता ते फोन करत. ती सगळ्यांत आधी विचारी, जर्दाळू कसा आहे, आणि ते म्हणत, आहे तिथे आहे. मग दोघे हवेविषयी बोलत. त्या बोलण्यात ऊब नसे, पण दोर असे, आणि त्या दोराला धरून काकांचा आठवडा निघे.

मग एका सकाळी गॅलरीचे दार ढकलले तर ते हलेना; उंबऱ्याशी सांडलेले पाणी गोठून दार चिकटले होते. खांदा लावून त्यांनी ते उघडले. कठड्यावरचा कपडे वाळवायचा दोर काचेच्या कांडीसारखा ताठ झाला होता. जर्दाळूच्या प्रत्येक काडीवर पांढरी बुरशी चढावी तसा हिमाचा थर, आणि कुंडीच्या ओठाचा एक कपचा उडून फरशीवर पडलेला. काकांनी अंगठा खोडावर टेकवला. थंडी अशी लागली की ती झाडाची आहे की स्वतःच्या बोटाची, हे क्षणभर कळेना.

आजच्या दिवसापुरते, त्यांनी स्वतःला सांगितले. कुंडी पोटाशी धरून, कमरेची पर्वा न करता, त्यांनी ती दुकानात आणली आणि दक्षिणेच्या खिडकीशी, सरसाच्या शेगडीपासून हातभर अंतरावर ठेवली. दुपारपर्यंत हिम वितळून काड्या ओल्या झाल्या, संध्याकाळपर्यंत वाळल्या. दुसऱ्या दिवशी थंडी तशीच होती. तिसऱ्या दिवशी थोडी उतरली, तरी झाड आतच राहिले.

कारण आता दुसरीच एक गोष्ट त्यांच्या मनात शिरली होती, जी त्यांनी स्वतःशीही उघड कबूल केली नसती. पालवी फुटेल तेव्हा बघू, असे ती म्हणाली होती. मग पालवी लवकर फुटली तर? एवढा शहाणासुरता माणूस, केस पिकले, पण त्या हिवाळ्यात तो शेगडीची आच रोज थोडी वाढवत गेला आणि दिवसातून चारदा चष्मा लावून कळ्या तपासत गेला. रविवारी तिने विचारले तेव्हा ते म्हणाले, आहे तिथे आहे. जीभ अडखळली नाही, याचेच त्यांना नंतर वाईट वाटले.

बाराव्या दिवशी कळ्या फुगल्या. खवले सुटू लागले, आतून हिरवट-लाल कड दिसू लागली. काकांच्या हातून त्या दिवशी एका शब्दकोशाची पाठ उलटी चिकटली. तीस वर्षांत असे झाले नव्हते. मुलगा पाळी संपवून आला, टोपी काढता काढता झाडाकडे पाहून थबकला.

“आत कधी आणलंत?”

“फार गारठलं होतं रे.”

“तिला सांगितलंत?”

“फुटू दे एकदा नीट. मग सांगू.”

मुलाने टोपी खुंटीला अडकवली. पण जेवताना, पाणी ओतता ओतता, त्याने एकदा त्या खिडकीकडे मान वळवली आणि काकांना वाटले, याच्याही पोटात तोच वेडा हिशेब चालू आहे.

मग फुले आली. पालवीच्या आधीच आली, उघड्या काड्यांवर, एकेक करून आणि मग एकदम: पांढरी, देठाशी गुलाबी, कागदाच्या कडेपेक्षाही पातळ पाकळ्यांची. खिडकीबाहेर रस्ता राखी होता, माणसे कानांवर मफलर ओढून चालत होती, आणि सरसाच्या उग्र वासाच्या त्या खोलीत एक झाड एकटेच वसंतात जाऊन बसले होते. काका काम थांबवून त्याच्याकडे पाहत राहत. वर्षभरात त्या घरात काही उमलले नव्हते. येत्या रविवारी सांगायचे, त्यांनी ठरवले; शब्दही जुळवून ठेवले.

गुरुवारी कातरबाई आल्या. सार्वजनिक बागेच्या या मुख्य माळीणबाईंना हे नाव कमरेच्या कातरीमुळे पडले की जिभेमुळे, यावर बागेत दोन तट होते. बागेतल्या वाळवलेल्या पानांचे जुने आल्बम त्यांनी काकांकडे दुरुस्तीला दिले होते. आल्बम उघडून त्यांनी एक पान उजेडात धरले, बोट फिरवले, कौतुकाने हुंकार दिला, आणि मग त्यांची नजर खिडकीकडे गेली.

“हे कुणाचं काम?” त्यांनी विचारले.

काका हसले. नवा बाप हसावा तसे हसले असावेत, कारण कातरबाईंचा चेहरा आणखी उतरला.

“बाइंडर, हसताय काय? गाढ झोपलेल्याला ओढून उठवलंत, आणि आता म्हणताय बघा किती ताजातवाना दिसतो.”

मग त्या स्टुलावर बसल्या आणि आल्बम मांडीवर ठेवून त्यांनी समजावून सांगितले. या झाडाला थंडी हवी असते. नुसती सोसते असे नाही, लागते. ठरावीक दिवसांचा गारठा अंगावर घेतला की मगच त्याचा हिवाळा पुरा होतो. झोप अर्धी मोडली की ते मिळेल त्या उबेला वसंत समजून फुलून बसते. वर्षभराची पुंजी खोडात साठलेली असते, ती या फुलांवर उधळली जाते. बंद खोलीत ना मधमाशी ना वारा, तेव्हा फळ धरायचे नाहीच. आणि खरा वसंत येतो तेव्हा झाडाच्या अंगात पालवी फोडायलाही काही उरलेले नसते.

“बाहेर ठेवतो. आत्ता ठेवतो,” काका उठलेच.

“आणि मारून टाकता. कोवळं झालंय ते आता. एका रात्रीत काळं पडेल.”

खोलीत सरस खदखदत होता. काका पुन्हा खाली बसले. त्यांनी सगळे सांगितले: सूनबाईचे शब्द, पालवीचा वायदा, रविवारचे खोटे. उन्हाळ्यातली खोलीही सांगितली, जी त्यांनी आजवर बाहेरच्या कुणाला सांगितली नव्हती.

कातरबाईंनी आल्बम मिटून टेबलावर ठेवला. मग त्यांनी एक उपाय सुचवला. बागेच्या रोपवाटिकेत याच जातीची, याच वयाची कलमे आहेत, उघड्यावर, छान झोपलेली. त्यातले एक घेऊन जा, याच कुंडीत बसवा, पोते गुंडाळा, गॅलरीत ठेवा. हे मी बागेत नेते, जगले तर जगले. “तिला कळायचंही नाही. तुम्ही तर जोड कळू न देण्याचेच कारागीर.” त्या हे टोमण्याने म्हणाल्या नाहीत. म्हणूनच ते जास्त लागले.

शुक्रवारी मुलाने सुट्टी घेतली आणि बापलेकांनी रोपवाटिकेतून ते दुसरे झाड आणले. कुंड्यांची अदलाबदल मात्र काकांनी पुढे ढकलली. नवे झाड त्यांनी त्याच्या साध्या कुंडीतच गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवले. मुलगा म्हणाला, “करून टाका ना बाबा. ती सुखात राहील, आपणही.” काका म्हणाले, करू, रविवारच्या आत करू.

शनिवारी उजाडताच ते गॅलरीत गेले आणि त्या झाडाकडे पाहत उभे राहिले. तीच उंची, तोच तपकिरी रंग, पेरांवर तशाच मिटलेल्या कळ्या. फरक शोधायचा म्हणून त्यांनी चष्मा लावला. काही सापडेना. पुस्तक दुरुस्त झाले की ते असेच पाठीवरून बोट फिरवत, कुठे काही हाताला लागते का पाहत, आणि काही लागले नाही की त्यांचा जीव भांड्यात पडत असे. आज काही लागले नाही, आणि त्यांनी चष्मा उतरवला. इतके सोपे असते हे. एक गोष्ट होती, ती गेली, तिच्या जागी तिच्यासारखीच दुसरी आली किंवा नुसती भिंत आली, आणि ज्याची ती गोष्ट होती त्याला उंबऱ्यात उभे राहून दुसऱ्याला विचारावे लागते की इथे काय होते. त्यांनी पोरीच्या डोळ्यांना टोचू नये म्हणून रंग दिला होता. पण टोचणे हे तिचे होते. तेही ते देऊन टाकून बसले होते.

रविवारी चार वाजता मुलगा कामावर होता. काकांनी टेबल मोकळे केले, फोन मधोमध ठेवून स्पीकर लावला.

“जर्दाळू कसा आहे?” तिने विचारले.

“आत आहे,” ते म्हणाले. “दुकानात.”

पलीकडे भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला. बहुधा तिने दार लावून घेतले. काकांनी सांगायला सुरुवात केली. जुळवून ठेवलेले शब्द कामाचे नव्हते, म्हणून जसे सुचेल तसे सांगितले: गोठलेले दार, शेगडी, फुगलेल्या कळ्या, फुले, तीन रविवारी बोललेले खोटे, गॅलरीत आणून ठेवलेले दुसरे झाड. काही वगळले नाही.

“किती दिवस झाले?”

“तेवीस.”

“मी काय सांगितलं होतं?”

“आणावंसं वाटेल, आणू नका.”

“मग?”

“राहवलं नाही, पोरी.”

“तुम्हाला राहवलं नाही,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “पाळण्याच्या वेळीही तुम्हाला राहवलं नव्हतं.”

पाळणा हा शब्द त्या दोघांमध्ये उच्चारला गेला तो पहिल्यांदाच. काकांनी टेबलाची कड धरली.

“तेव्हा तुला विचारायला हवं होतं,” ते म्हणाले. “मी विचारलं नाही, कारण तू नको म्हणशील हे मला ठाऊक होतं. सुचलं नाही असं नव्हतं ते. मला ठाऊक होतं.”

फोनवरचे सेकंद पुढे सरकत राहिले. एकदा त्यांना वाटले, ती रडते आहे. मग वाटले, ती नुसती श्वास घेते आहे. मग वाटले, तिचे रडणे की श्वास हे ठरवण्याचाही आपल्याला हक्क नाही. ते थांबून राहिले. थांबणे त्यांना कधी जमले नव्हते.

“फुलं किती आहेत?” शेवटी तिने विचारले.

“मोजली नाहीत.”

“मोजा.”

ते उठले आणि बोट न लावता, काडीकाडीने मोजू लागले. एकदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजले. “एकतीस उमललेली. चार कळ्या.”

“खुडा. सगळी. देठापासून. झाडात काही उरायचं असेल तर ती जायला हवीत.” थोडे थांबून ती म्हणाली, “मी फोनवर आहे.”

काकांनी पहिले फूल दोन बोटांत धरले. जीर्ण कागदाची दुमड सोडवावी तेवढ्या हलक्या हाताने त्यांनी ते देठापासून तोडले. त्याचा आवाज झाला नाही, आणि तिला कळावे कसे म्हणून ते मोठ्याने म्हणाले, “एक.” मग दोन, मग तीन. खुडलेले फूल ते टेबलावर ठेवत आणि पुढच्याकडे वळत. एकोणीसला तिने “थांबा” म्हटले. ते हात तसाच हवेत धरून थांबले. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग पाण्याचा पेला ठेवल्याचा. “हं,” ती म्हणाली. ते म्हणाले, “वीस.”

उमललेली संपली, मग कळ्या. तीन खुडून झाल्या. शेवटची कळी शेंड्याजवळ होती, घट्ट मिटलेली, देठाशी जेमतेम रंग धरलेला. काकांचा हात तिच्यापाशी गेला आणि मागे आला.

“एक उरली आहे,” ते म्हणाले. “अगदी लहान आहे. ही राहू देऊ का?”

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी खोकत गेले. शेगडीवर सरस आटत आला होता, करपल्याचा वास येऊ लागला होता, पण ते जागचे हलले नाहीत.

“नको,” ती म्हणाली.

त्यांनी ती खुडली. “पस्तीस.”

“जगेल का?” त्यांनी विचारले.

“माहीत नाही.” मग जरा वेळाने, कचेरीत नकाशावरची रेघ समजावून सांगताना बोलत असेल तशा कोरड्या, नेमक्या आवाजात तिने पुढचे सांगितले. गॅलरीतले झाड बागेत परत द्यायचे. हे आधी दुकानातून जिन्याखाली हलवायचे, जिथे गारठा असतो पण गोठत नाही; पाणी जवळजवळ बंद; आठ दिवसांनी मागच्या दाराच्या आत; पुढचे ती नंतर सांगेल. काकांनी पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर सगळे लिहून घेतले आणि तिला वाचून दाखवले. तिने एक चूक दुरुस्त केली. पालवीविषयी, येण्याविषयी ती काही बोलली नाही, आणि त्यांनीही तो विषय काढला नाही.

“जिन्याखाली,” ते म्हणाले, “आत्ताच नेऊ, की उद्या सकाळी?”

ती विचार करत होती. त्यांनी पेन्सिल हातात धरून ठेवली.

“उद्या सकाळी,” ती म्हणाली. “पण शेगडी आत्ता बंद करा.”